आईला दूध मानवत नव्हते



गोठ्यात दोन दुभत्या म्हशी आहेत आणि घरातले एक माणूस दुधाला तोंड लावत नाही, असे कुणी सांगितले तर तुम्ही काय म्हणाल? म्हणाल, घरच्याच्या तोंडचे काढून डेअरीला घालणारी माणसे दिसतात. आमच्या आईविषयी मी कित्येक वर्षे असेच काहीसे समजत होतो. ती पैशाची लोभी नव्हती, पण मुलांसाठी स्वतःच्या पोटाला चिमटा घेणारी आहे, असे माझ्या मनात पक्के बसले होते.

तिने आम्हां भावंडांना दूध पाजले. उरलेले किटलीतून डेअरीला घातले. त्या पैशांवर माझे बी.एस्सी. ॲग्रीपर्यंतचे शिक्षण झाले. ती स्वतः मात्र कोरा चहा आणि भाकरीबरोबर ताक यांवर राहिली. "आई, तू का गं दूध घेत नाहीस?" असे विचारले की म्हणायची, "मला न्हाई मानवत, बाबा." हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आलो आणि एकदाही खरे मानले नाही. वाटायचे, आईच ती, असेच बोलणार.

२०१७ सालच्या पावसाळ्यात आई अंगणात घसरून पडली. मनगटाचे हाड मोडले. त्या वेळी तिचे वय चौऱ्याहत्तर. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी सांगितले, हाडे ठिसूळ झाली आहेत, पोटात कॅल्शियम गेले पाहिजे. मला वाटले, आता पांग फेडायची वेळ आली. जिने जन्मभर दूध विकून आम्हांला शिकवले, तिला आता पोटभर दूध पाजायचे. मी घरात हुकूमच सोडला. सकाळी एक पेला, रात्री निजताना हळद घालून एक पेला. दुपारी कधी शेवयांची खीर, कधी तांदळाची. बाजाराच्या दिवशी पावशेर पेढे. शिवाय डब्यातली शक्तीची पावडर, तीही दुधातूनच.

आईने आठ दिवस निमूटपणे ऐकले. मग तिचे पोट बिघडले. रात्रीचे दूध पोटात गेले की तासा-दीड तासात पोट फुगायचे, गुरगुरायचे, मुरडा यायचा आणि परसाकडे धाव घ्यावी लागायची. हात गळ्यात बांधलेला, बाहेर पाऊस, अंगण निसरडे. एका रात्री ती पुन्हा पडता पडता वाचली, सुनेने धरले म्हणून. त्यानंतर रात्री उठावे लागू नये या भीतीने तिने संध्याकाळचे जेवणच सोडले. अंगावरचे मांस उतरले. आणि ती जितकी वाळत गेली तितका माझा दुधाचा आग्रह वाढत गेला.

एकदा संध्याकाळी मी गोठ्यात गेलो तर आई पेल्यातले दूध मांजराच्या परळात ओतत होती. मी तिला टाकून बोललो. घरातली सगळी तुझ्यासाठी राबताहेत आणि तुला नखरे सुचतात, अशा अर्थाचे काहीतरी बोललो. आज ते लिहितानाही लाज वाटते. ती एवढेच म्हणाली, "मी म्हनत हुते न्हवं, मला मानवत न्हाई म्हनून."

जुलाबाच्या गोळ्या झाल्या, जंताचे औषध झाले, पाणी उकळून झाले. गुण येईना. दिवाळी झाली आणि आमची मोठी म्हैस आटली. दुसरी गाभण, ती आधीच आटलेली. घरात चहापुरते पिशवीतले अर्धा लिटर दूध येऊ लागले. त्या दहा-बारा दिवसांत आईचे पोट आपोआप ताळ्यावर आले. माझ्या हे ध्यानातही आले नसते. ध्यानात आले माझ्या बायकोच्या. ती म्हणाली, "अहो, म्हैस आटली तशा आत्याबाई एकदाही रात्री उठल्या नाहीत. बघा बरं काही मेळ लागतो का."

मेळ लागला. आईला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला चार प्रश्न विचारले. दूध घेतल्यावर त्रास किती वेळाने होतो? ताक चालते का? तूप चालते का? हे कधीपासून आहे? आई म्हणाली, "ताक चालतंय, तूप चालतंय. नुसतं दूध घेतलं की पोटात गुरगुरतंय. लई वर्सं झाली." डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, आजींना दुधातली साखर पचत नाही. लॅक्टोज इन्टॉलरन्स म्हणतात याला. हा काही मोठा रोग नव्हे. तुम्ही दूध पाजू नका म्हणजे झाले."

वाचकहो, मी गावोगाव सभा घेऊन दुग्धव्यवसायावर बोलणारा माणूस. दुधात काय काय असते हे मला पाठ. तुम्हांलाही ते ठाऊक आहे. संकलन केंद्रावर रोज फॅट आणि एस.एन.एफ. लागते. गाईच्या दुधाला ८.५ आणि म्हशीच्या दुधाला ९ एस.एन.एफ. धरतात. हे एस.एन.एफ. म्हणजे स्निग्धांश सोडून राहिलेले घन पदार्थ. त्यांतला निम्म्याहून जास्त भाग या साखरेचाच, म्हणजे दुग्धशर्करेचा असतो. १०० मिलिलिटर दुधात ती सुमारे ५ ग्रॅम असते. ज्या एस.एन.एफ.वर मी व्याख्याने दिली, तेच माझ्या आईच्या पोटात मुरडा उठवत होते, आणि मला पत्ता नव्हता.

आता हे घडते कसे ते पाहू. आपल्या लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे एक विकर असते. ते दुग्धशर्करेचे दोन तुकडे करते, मग ती साखर रक्तात जाते. तान्ह्या बाळात हे विकर भरपूर असते, कारण त्याचा सारा आहारच दूध. पुढे दूध सुटते तसे ते कमी होत जाते. तुमच्या गोठ्यातले वासरूच पाहा. लहानपणी दुधावर वाढते, मोठे झाले की चारा-वैरणीला लागते, मग त्याला या विकराची गरज उरत नाही. बहुतेक माणसांचेही तसेच आहे. जगातल्या प्रौढांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांत हे विकर कमी पडते. आपल्या देशात उत्तरेकडे हे प्रमाण कमी आणि दक्षिणेकडे जास्त आढळते. न फुटलेली साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते. तिथले जंतू तिला आंबवतात. त्यातून वायू होतो, पोट फुगते. साखर पाणी ओढून घेते, जुलाब होतात. दूध घेतल्यापासून अर्धा तास ते दोन तासांत बहुधा हा त्रास सुरू होतो.

ज्यांना असा त्रास आहे त्यांनी काय टाळावे आणि काय खावे, हे मी डॉक्टरांना विचारून, वाचून आणि आईच्या पोटावर ताडून पाहून शिकलो. तेच तुमच्यापुढे मांडतो.

पहिला मान नुसत्या दुधाचा. २०० मिलिलिटरच्या एका पेल्यात सुमारे १० ग्रॅम दुग्धशर्करा जाते. इथे लोक एक चूक करतात. म्हशीचे सोसत नाही म्हणून गाईचे घेतात, गाईचे सोसत नाही म्हणून शेळीचे घेतात. साखर सगळ्यांत थोड्याफार फरकाने सारखीच. देशी गाईचे ए-टू दूध म्हणून जास्त भावाने विकतात, त्यातही दुग्धशर्करा तेवढीच असते. साय काढली तर स्निग्धांश जातो, साखर जागेवरच राहते. उकळल्याने ती नाहीशी होत नाही आणि हळद घातल्यानेही होत नाही.

दुसरा मान आटवलेल्या दुधाचा. दूध आटते तेव्हा पाणी उडून जाते, साखर खाली राहते. म्हशीच्या ४ ते ५ लिटर दुधाचा १ किलो खवा होतो. तेवढ्या दुधातली २०० ते २५० ग्रॅम दुग्धशर्करा त्या किलोभर खव्यात गोळा होते. म्हणजे १०० ग्रॅम खवा खाणे हे दोन पेले दूध पिण्यासारखेच आहे. पेढे, बर्फी, गुलाबजाम, बासुंदी, रबडी, कुल्फी हे सगळे या कुळातले. मी आईला पावशेर पेढे आणून देत होतो, त्याचा अर्थ आता तुमच्या ध्यानात येईल. खीर, आइस्क्रीम आणि मसाला दूधही इथेच धरा.

तिसरा मान दूध पावडरीचा. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत जवळजवळ निम्मी दुग्धशर्करा असते. ही पावडर कुठे कुठे जाते ते पाहिले तर नवल वाटते. शक्तीच्या डब्यांत जाते, चॉकलेटांत जाते, काही बिस्किटांत, पावांत आणि तयार मिठाईच्या पिठांत जाते. पनीर-चीज करताना निघालेल्या पाण्याचीही पावडर करतात, तिला व्हे पावडर म्हणतात. ती मसाला लावलेल्या वेफरवरसुद्धा सापडते. म्हणून पुडा घेताना मागची बारीक अक्षरे वाचावीत. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्यावीत. मिल्क सॉलिड्स, मिल्क पावडर, व्हे, लॅक्टोज यांपैकी काही लिहिलेले असले तर त्यात दुग्धशर्करा आहे असे समजावे. लॅक्टिक ॲसिड लिहिले असेल तर घाबरू नये; ते आंबटपणासाठी असते, ती साखर नव्हे.

चौथा मान घरातल्याच एका गोष्टीचा. पनीर केल्यावर राहिलेल्या पाण्यात काटकसरी बाया कणीक मळतात. चांगली सवय आहे, पण फाटलेल्या दुधातली बरीचशी साखर त्या पाण्यातच उतरलेली असते. ज्याला त्रास आहे त्याची पोळी साध्या पाण्यात मळलेली बरी.

गोळ्या-औषधांतही लॅक्टोज भर म्हणून घालतात. त्याचे प्रमाण फार थोडे असते, त्याने बहुतेकांना काही होत नाही. होमिओपॅथीच्या पुड्यांतली पांढरी पूड मात्र बहुधा दुग्धशर्कराच असते. त्रास फारच असला तर डॉक्टरांच्या कानावर घालावे. आपल्या मनाने औषध बंद करू नये.

आता चालणाऱ्या पदार्थांकडे वळू. इथे आपल्या आजी-पणज्यांचे शहाणपण कामी येते.

तुपात दुग्धशर्करा जवळजवळ नसतेच. पाण्याने धुतलेल्या घरच्या लोण्यात अगदी थोडी. दही लागते तेव्हा विरजणातले जंतू काही साखर खाऊन तिचे आम्ल करतात, म्हणून तर दही आंबट लागते. शिवाय हे जंतू आपल्या पोटात गेल्यावर उरलेली साखर पचवायला हात लावतात. ताक म्हणजे पाणी घालून पातळ केलेले दही, त्यात साखर आणखी कमी. म्हणून आईला ताक चालायचे. चक्का टांगला की पाण्याबरोबर बरीच साखर गळून जाते, त्यामुळे घरचे श्रीखंड वाटीभर बहुतेकांना सोसते. पनीरचेही तसेच. नारळाचे दूध आणि सोयाबीनचे दूध ही नावाचीच दुधे, त्यांत दुग्धशर्करा नसते.

चहाचे काय, असे तुम्ही विचाराल. कपात दोन-तीन चमचे दूध पडते, तेवढे बहुतेकांना चालते. नुसत्या दुधाचा स्पेशल चहा मात्र दूध म्हणूनच मोजावा. देवळातले पळीभर पंचामृत खुशाल घ्यावे. कारण हे लक्षात ठेवा की या त्रासात सगळा खेळ प्रमाणाचा आहे. पुष्कळांना एका वेळी एक कपभर दूध जेवणाबरोबर घेतले तर काहीच होत नाही, आणि तेच रिकाम्या पोटी घेतले तर होते. आपल्याकडे उपवासाला दिवसभर पोट रिकामे ठेवून वर पेलाभर दूध घेतात. आई एकादशी दुसऱ्या दिवसापर्यंत का भोगायची, त्याचा उलगडा मला असा फार उशिरा झाला. आता तिच्या उपवासाला ताक, शेंगदाणे, राजगिरा आणि रताळे असते. शहरात दुग्धशर्करा फोडलेले दूधही पिशवीत मिळते. ते थोडे गोड लागते, पण बाकी गुण दुधाचेच.

दूध सोडले तर हाडांचे काय करायचे? उत्तर आपल्याच शेतात आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तेवढ्याच दुधापेक्षा ते जास्त आहे. तिळात त्याहूनही पुष्कळ. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, कढीपत्ता हे सगळे कॅल्शियमचे. कोकणात काट्यांसकट खाल्लेली बारीक मासळी. हुलगा, हरभरा, मटकी आहेतच. ताक आणि दही चालत असेल तर ते सोडूच नये. आणि सकाळचे कोवळे ऊन अंगावर घ्यावे.

आपल्याला हाच त्रास आहे की नाही, हे घरच्या घरी पाहता येते. दोन आठवडे दूध, खवा आणि दूध पावडरीचे पदार्थ पूर्ण बंद ठेवावेत. रोज पोटाची स्थिती वहीत लिहावी. मग एक दिवस पेलाभर दूध घेऊन पाहावे. सोडल्यावर बरे वाटले आणि घेतल्यावर पुन्हा बिघडले, तर गाठ सापडली. मोठ्या शहरांत श्वासातल्या हायड्रोजन वायूवरून याची तपासणी होते. पण शौचातून रक्त जात असेल, ताप असेल, वजन उतरतच असेल किंवा दूध सोडूनही जुलाब थांबत नसतील, तर घरात बसू नका. ते दुसरे काही असू शकते. डॉक्टर गाठा.

दोन गोष्टी मात्र माझ्या सांगण्यातून चुकीच्या घेऊ नका. पहिली, अंगावरच्या बाळाची. आईच्या दुधात गाईच्या दुधापेक्षाही जास्त दुग्धशर्करा असते आणि बाळाला ती पचते. बाळाला जुलाब झाले म्हणून अंगावरचे दूध तोडू नये. मोठ्या मुलांना जोराची हगवण लागून गेल्यावर काही दिवस वरचे दूध पचत नाही, पण आतडे सुधारले की पुन्हा पचू लागते. दुसरी, दुधाच्या ॲलर्जीची. ती वेगळी. त्यात दुधातली प्रथिने बाधतात, अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, श्वास कोंडतो. तिथे थेंबभर दूधही धोक्याचे, आणि लगेच डॉक्टरांकडे नेले पाहिजे.

मी दुधाच्या विरुद्ध नाही, कसा असेन? १९७० साली ऑपरेशन फ्लड सुरू झाले आणि किटलीभर दुधाने आमच्यासारख्या कित्येक घरांतली मुले शिकली. ज्याला दूध पचते त्याने ते जरूर प्यावे, मुलांना द्यावे. पण जे एकाला अमृत, ते दुसऱ्याला बाधू शकते, हे आपण दुभती जनावरे पाळणाऱ्यांनी विशेष ओळखले पाहिजे. आपल्या घरात दूध नको म्हणणे हा उद्धटपणा ठरतो. नव्याने नांदायला आलेली सून असेल, गरोदर लेक असेल, तिच्यापुढे आपण पेला धरतो आणि नको म्हटले की रागावतो. तिला खरेच कळ येत असेल, हे कुणी विचारत नाही.

आईचे हाड सावकाश जुळले. मी तिची माफी मागितली. ती हसून म्हणाली, "आरं, तू वाईट करायला न्हाईस गेलास." पण मला ते अजून सलते. तिने पन्नास वेळा सांगितले होते, आणि मला पटले ते म्हैस आटल्यावर.

आता तिने ऐंशी ओलांडली आहे. सकाळी ताकातली नाचणीची आंबील, दुपारी भाकरीवर तूप आणि तिळाची चटणी, एवढ्यावर ती खुटखुटीत आहे. कोजागिरीला अजूनही चुलीपुढे बसून सगळ्यांसाठी मसाला दूध तीच आटवते, नातवंडांना पेले भरून देते, आणि आपण ताकाचा पेला घेऊन अंगणात बसते. आता तिला कुणी आग्रह करत नाही.